घोड्याचे चार समानार्थी शब्द

रविवारी सकाळी चिरंजीव मराठीची वही घेऊन समोर उभे. चौथी, इंग्रजी मीडियम. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून आमच्या घरात दर रविवारी भाषेचा प्रश्न पेटतो. "बाबा, घोड्याचे चार समानार्थी शब्द सांग." मी म्हटलं हात्तिच्या, एवढंच? अश्व, हय, तुरंग, वारू. लिही, घोडं गंगेत न्हालं.

"कुठल्या गंगेत?"

इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

घरात रंगाचं काम चालू होतं हे खरंतर आधी सांगायला हवं होतं. कारण तेवढ्यात आतून पेंटर ओरडला, "साहेब, घोडा कुठे ठेवलाय?" पोरगं ताडकन उठून बाल्कनीत बघून आलं. मी त्याला पॅसेजमधलं ते चार पायांचं, वर फळी ठोकलेलं, सात-आठ घरांच्या रंगांनी बरबटलेलं लाकडी धूड दाखवलं. "हा घोडा?" हो. "मग शेपूट?" आता काय सांगणार. त्यात आई स्वयंपाकघरातून, "अरे एवढा घोडा झालास, त्या पेंटरला चहा नेऊन देता येत नाही का?" हे मला होतं, वय वर्षं ४३. चहा देऊन आलो तर वहीत पाचवा शब्द लिहून झाला होता: बाबा.

मग तो हिशोबच मांडत बसला. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, बंदुकीचा घोडा ओढायचा असतो पण तो धावत नाही, तानपुऱ्याची घोडी तर तारांखाली जन्मभर निमूट बसलेली, घोडेबाजार भरतो तेव्हा विकायला आमदार असतात आणि घोडचूक कुठल्याच घोड्याने आजवर केलेली नाही. "मग खरा घोडा कुठे असतो?" माथेरानला असतो. तिथे गाड्यांना बंदी, म्हणून आम्ही मागच्या मे महिन्यात याला हौसेने घोड्यावर बसवायला निघालो होतो, तर हा नाक दाबून दहा फूट लांब. आणि राहायला आम्ही कुठे, तर घोडबंदर रोडला! पूर्वी इथल्या बंदरात अरबी घोडे उतरायचे म्हणून हे नाव पडलं म्हणतात. आता संध्याकाळी एकाच खड्ड्यापाशी पाऊण तास थांबलो की मला त्या बंदराची फार आठवण येते, एखादा शिल्लक राहिला असता तर घरी तरी पोचलो असतो.

एव्हाना मी इरेला पेटलो होतो, थेट अमरकोश उघडला. एका श्लोकात घोड्याला घोटक धरून तेरा शब्द! त्यात गंधर्वसुद्धा, म्हणजे त्या हिशोबाने बालगंधर्व म्हणजे शिंगरू, पण हे मोठ्याने बोललो नाही, घरात नाट्यसंगीतवाली माणसं आहेत. वाजीवरून मी घाईघाईने पुढे गेलो, कारण वाजी म्हटलं की वाजीकरण आलं आणि ते चौथीला नाहीये. मग सैंधव. "ते तर आजीचं उपासाचं मीठ ना?" बरोबर! दोन्ही सिंधूच्या मुलखातले म्हणून दोघांचं नाव एक. संस्कृतच्या पंडितांचं जुनं उदाहरण आहे, 'सैंधव आण' असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं आणि बाहेर निघताना म्हटलं तर घोडा. मी हे इतकं रंगवून सांगत होतो, तर बायको म्हणाली, "तू जेवताना म्हणून बघच, मी तो पॅसेजमधला आणून ताटात ठेवते."

आई मात्र तोपर्यंत हात पुसत बाहेर आली होती. तिने देव्हाऱ्याच्या खणातून एक कागदाची पुडी काढली, घड्या पडून पडून कागद पार कापडासारखा मऊ झालेला, आत चिमूटभर माती. वारीला गेली होती तेव्हा रिंगण झाल्यावर अश्वाच्या टापांखालची उचललेली. पोराच्या कपाळाला बोट लावून म्हणाली, "रिंगणात धावतो तो माऊलींचा अश्व. त्याला घोडा म्हणायचं नाही."

"मग घोडा कोणाला म्हणायचं?"

"बाकीच्यांना," असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. चहाचा रिकामा कप अजून माझ्याच हातात होता.

मंगळवारी वही तपासून आली. गंधर्व आणि सैंधव मी आग्रहाने घालायला लावले होते, त्या दोघांवर लाल फुली, बाजूला 'पुस्तकातलेच शब्द लिहावेत'. 'बाबा' खोडायचं मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो. त्याच्यापुढे बाईंनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय, चूक दिलेलं नाही.