नवी गाडी नको, भरलेली गाडी हवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

गाड्यांचं इंधन आणि धूर कसा कमी करायचा, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शहरातल्यांनी गाड्या उडवायच्या आन् धुराचा हिशोब कास्तकारानं द्यायचा? इलेक्ट्रिक गाडी आमच्यानं होत नाही. गावात बस येते तीही रिकामीच जाते."

राग पटतो. पण नवी गाडी घ्या, असं मी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं आपल्या खिशातल्या डिझेलबद्दल आहे. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्या लिटरचे पैसे आपणच मोजतो.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतले तिघं एकाच सकाळी कापूस घेऊन जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, विकायला निघाले. प्रत्येकाकडे चार-पाच क्विंटल, तरी तीन पिकअप. डाले अर्ध्याहून जास्त रिकामे. जिनिंग २८ किलोमीटरवर, जाऊन-येऊन गाडीमागे पाचेक लिटर, म्हणजे पंधरा. पुढच्या वेच्याला तिघांनी मिळून एकच गाडी केली. वजन वाढल्यानं सहा लिटर लागलं, तरी नऊ वाचलं, आणि भाडं तिघांत वाटलं गेलं. खरी अडचण मालाची होती. एकाचा कापूस पांढराशुभ्र, दुसऱ्याच्यात कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस. मिसळला तर भाव पडणार. त्यांनी प्रत्येकाच्या थरावर जुनी लुगडी अंथरली. जिनिंगवर भरलेली गाडी काट्यावर घेतली, वरचा थर उतरवून पुन्हा काट्यावर, असं तीनदा केलं. दीड तास जास्त गेला. तो जाणारच, पण तिघांनाही तो परवडला.

बसबद्दल मात्र तुम्ही नेमकं बोललात. बस साधारण साडेचार किलोमीटरला लिटर खाते. चाळीस माणसं बसली तर माणशी धूर एकट्यानं मोटारसायकल नेण्याच्या एक तृतीयांश होतो. दहाच बसली, तर मोटारसायकल बरी! म्हणून नुसतं "बसनं जा" म्हणणं मलाही पटत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी आमच्या गावच्या बाया ऑटोनं जात होत्या, कारण बाजाराच्या दिवशी बस दुपारी यायची आणि बाजार सकाळी भरतो. वेळ बदलून द्या, असं गावानं कधी मागितलंच नव्हतं. यंदा ग्रामसभेत ठराव घेऊन आगारात दिला. उत्तर यायचं आहे, पण ठरावाला सगळ्यात जास्त हात बायांचे होते.

चाकातल्या हवेचं मी मागच्या लेखात लिहिलं, त्याला तुम्ही किरकोळ म्हणालात. किरकोळ आहेच. पण हवा कमी असली की गाडी जड ओढते, पेट्रोल जास्त पिते, आणि हवा भरायला काही रुपयेच लागतात. ते का सोडायचं?

तुमच्या बसची वेळ आणि बाजाराचा वार कळवा. आमच्या ठरावाची नक्कल पाठवतो, गावाचं नाव तेवढं बदलून घ्या.