‘घरीच थोडीथोडी पाजा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दारूसाठीचं कायदेशीर वय खाली आणा, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यात दावे चार. युरोपात सोळाव्या वर्षी मिळते आणि तिथली मुलं शहाण्यासारखी पितात. बंदीमुळेच ओढ वाढते. अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग ग्लासच का नाही? आणि आईवडिलांनी घरी थोडीथोडी पाजली की मुलांची ‘कपॅसिटी’ तयार होते, मग बाहेर धोका राहत नाही. बहिणीने मला तो पाठवून खाली विचारलंय, “मग आपणही घरीच सुरू करावी का?” तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. नाही, अजिबात करू नये.

युरोपचं आधी उरकून घेऊ. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर आणि वाईन मिळते, हे खरं. कडक दारूला तिथेही १८ पूर्ण लागतात. मेसेजने गाळलं ते हे: फ्रान्सने २००९ मध्ये, इटलीने २०१२ मध्ये आणि नेदरलँड्सने २०१४ मध्ये १६ ची मर्यादा १८ वर नेली. लिथुआनियाने तर २०१८ मध्ये १८ ची २० केली. ज्यांचा दाखला देताय, तेच उलट्या दिशेने निघालेत.

बंदीमुळे ओढ वाढत असेल, तर मर्यादा उतरवल्यावर ती कमी व्हायला हवी. न्यूझीलंडने डिसेंबर १९९९ मध्ये दारू खरेदीचं वय २० वरून १८ केलं. त्यानंतर काय झालं, याचा अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये आला. २० ते २४ वयोगटाशी तुलना करता, दारूशी संबंधित रस्ते-अपघातांचं प्रमाण १८-१९ च्या मुलांत १२ टक्क्यांनी आणि मुलींत ५१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. त्याहून महत्त्वाचा आकडा १५ ते १७ वयाचा: मुलांत १४ टक्के, मुलींत २४ टक्के. या वयाला नव्या कायद्याने काहीच दिलं नव्हतं. पण अठरा वर्षांचा मित्र त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच टीममध्ये असतो. वीस वर्षांचा सहसा नसतो. वय दोन वर्षांनी उतरलं की बाटली त्याहून लहान हातांत पोचते, ती अशी.

आता ‘कपॅसिटी’. हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण तो पालकांना पटतो.

४० टक्के दारूच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १२ मिली, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं आणि घरी दिलेल्या घोटांनी हा वेग वाढत नाही. ५० किलो वजनाच्या मुलीने तासाभरात चार पेग घेतले, तर तिच्या १०० मिली रक्तात शंभर मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं. गाडी चालवण्यासाठी अनेक देशांत ५० ची मर्यादा आहे. सवय असो वा नसो, रक्तातला आकडा तोच.

सवय होते ती मेंदूला. तोल जात नाही, जीभ जड होत नाही, म्हणून पुढचा पेग भरला जातो. श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं केंद्र मात्र त्या प्रमाणात निर्ढावत नाही. म्हणजे इशारा उशिरा मिळतो आणि जीव जाण्याची पातळी जवळपास तिथेच राहते. याला संरक्षण म्हणायचं?

ऑस्ट्रेलियात १,९२७ किशोरवयीनांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आले. पालकांनी दारू दिल्याने संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अशा मुलांत एका बैठकीत भरपूर पिणं जास्त दिसलं आणि इतरांकडून दारू मिळवण्याची शक्यताही वाढली.

मेसेजच्या शेवटी ‘जास्त झालीच तर काळी कॉफी देऊन झोपवा’ असंही आहे. हे वाचून संताप येतो. झोपल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते. घशात काही अडकलं की ठसका लागतो, ती प्रतिक्रिया मंदावते. उताण्या झोपलेल्याला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवा, डोकं किंचित मागे आणि तोंड खाली उतरतं ठेवा. एकटं सोडू नका. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, बोटं घालून उलटी काढणं, यातलं काहीही नको. हाका मारून, हलवून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच रुग्णवाहिका. एवढी सगळी चिन्हं दिसायची वाट पाहू नका, एक पुरे.

मत आणि सैन्याचा युक्तिवाद अमेरिकेत करून झालाय. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं आणि त्या सुमारास अनेक राज्यांनी दारूचंही उतरवलं. तरुणांचे अपघात वाढले, १९८४ मध्ये संघीय कायदा आला आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर परतली. नंतर अपघात घटले त्यात सीटबेल्टचाही वाटा आहे, हे मान्य. पण त्याच देशात अध्यक्ष व्हायला ३५ लागतात, त्यावर कुणी मेसेज पाठवत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. कायद्याच्या भीतीने मुलं लपून पितात आणि मित्र बेशुद्ध पडला तरी मदत मागायला कचरतात. त्यावर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी थेट तोडगा काढलाय: मदतीसाठी फोन करणाऱ्या अल्पवयीनावर दारू प्यायल्याबद्दल कारवाई होत नाही. मर्यादा २१ चीच आहे.