ऑनलाइन ऑर्डर म्हणजे कस्टम माफ नव्हे

इंदूरच्या आपल्या महिला उद्योग गटांत एक मजकूर फिरतोय: 'ऑर्डर आणि पैसे ऑनलाइन आले, तर परदेशी गिऱ्हाइकाला कस्टम लागत नाही, जागतिक व्यापार संघटनेनंच तसं ठरवलंय.' मैत्रिणींनो, हे चूक आहे.

१९९८ साली जिनिव्हात सदस्य देशांनी मान्य केलं ते एवढंच, की इलेक्ट्रॉनिक प्रेषणावर तूर्त सीमाशुल्क (कस्टम) लावायचं नाही; ही मुदत पुढे वाढवत नेली, २०२४ साली ती मार्च २०२६ पर्यंत वाढवली होती. म्हणजे जे इंटरनेटवरूनच पोहोचतं, त्यावर. साडीच्या काठाचं डिझाइन तुम्ही ई-मेलनं टोरांटोला पाठवलंत, तर ते यात बसेल. पण तोच काठ असलेली महेश्वरी घडी घालून खोक्यात ठेवलीत, की ती माल झाली. तिला तिथला कर लागू शकतो, मग ऑर्डर मोबाइलवर आलेली असो की पत्रानं. अमेरिकेनं तर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सूटही २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली.

'कर नाही' सांगून विकलं आणि पार्सल सोडवताना गिऱ्हाइकाला पैसे मोजावे लागले, तर ते पुन्हा फिरकणार नाही. म्हणून कळकळीनं लिहितेय.

कागदांचं काम मात्र खरंच सोपं झालंय. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत घरबसल्या निघतो. फक्त तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करा, नाहीतर बंद पडतो.