हायब्रिड गाडीचं कूलंटही बदलावं लागतं

'हायब्रिडमध्ये इंजिन कमी चालतं, त्यामुळे कूलंट कधीच बदलावं लागत नाही. रंग टिकून असला की झालं,' असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव; त्याचा रंग म्हणजे नुसता डाय. गंज रोखणारी रसायनं हळूहळू संपत जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. गाडी उभी राहिली तरी वर्षं मोजली जातातच, म्हणून मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत दिलेली असते. जे आधी भरेल ते धरायचं. टोयोटाच्या अनेक हायब्रिडना पहिला बदल १,६०,००० किमीला आणि पुढे दर ८०,००० किमीला सांगितलेला आहे. बाकीच्यांनी आपलं मॅन्युअल बघावं.

मेसेजमध्ये इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज गाडीच्या मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाचा) उल्लेखच नाही, आणि मला तीच जास्त काळजीची गोष्ट वाटते. बऱ्याच हायब्रिडमध्ये त्याचं कूलंट वेगळ्या टाकीत असतं. गाडी थंड असताना दोन्ही टाक्यांची पातळी 'लो' आणि 'फुल' खुणांच्या मध्ये हवी. ती सारखी उतरत असेल किंवा कूलंट गढूळ दिसलं, तर मुदतीची वाट न बघता तपासून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.