‘ध्रुवीय संजीवनी’चा काढा कुणी करू नका

माझ्या आत्याने नॉर्वेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाला ‘ध्रुवीय संजीवनी’ नावाच्या वनस्पतीचा, कुठून तरी आलेला, फोटोसकटचा मेसेज पुढे पाठवला. खाली तिने लिहिलं होतं, ‘सुट्टीत डोंगरावर जाशील तेव्हा पिशवीभर घेऊन ये, बाबांना काढा करून देते.’ आतोबांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय, त्यामुळे तिची घाई कळते. मूळ मेसेज लिहिणाऱ्याला कसली घाई होती, देव जाणे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्लबमॉस नावाचं शेवाळ उत्तरेकडच्या थंड जंगलांत झाडांच्या खोडांवर उगवतं, पाइनच्या इवल्या रोपासारखं दिसतं, म्हणून कुणीही ओळखेल, डायनासोरच्या आधीपासून ते जसंच्या तसं आहे, त्यात इतकी ‘ऊर्जा’ आहे की त्याची पावडर पेट घेते, आणि रोज कपभर काढा घेतला की स्मरणशक्ती परत येते, नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य.

शेवाळाचं पटकन उरकू. क्लबमॉस म्हणजे शाळेत टेरिडोफायटाच्या, म्हणजे नेच्यासारख्या बिनफुलांच्या वनस्पतींच्या यादीत पाठ केलेलं लायकोपोडियम आणि त्याचं गणगोत. मुळं, खोड, पानं आणि पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या ऊती हे सगळं त्यांना असतं. शेवाळात यातलं काहीच नाही. खोडांवरचं म्हणाल, तर उष्ण प्रदेशातले त्यांचे काही भाईबंद झाडांवर लटकतात खरे, पण उत्तरेकडच्या जाती जमिनीवर वाढतात.

‘कुणीही ओळखेल’ हे वाक्य मात्र उरकण्यासारखं नाही, कारण मेसेज लिहिणाऱ्यालाच ओळखता आलेलं नाही. फोटोत जमिनीवर लांबवर सरपटणारं खोड आहे, पानांच्या टोकांना पांढरे केस आहेत आणि उंच देठांवर दोन-दोन शंकू उभे आहेत. हे लायकोपोडियम क्लॅव्हेटम. खालचं वर्णन मात्र ‘सरळ उभे झुबके, शंकू नाहीत’ असं आहे. ते हुपरझिया सेलागो या दुसऱ्याच क्लबमॉसचं. ही वनस्पती सरपटत नाही. तिच्या फांद्या दोन-दोन फाटे फुटत साधारण एकाच उंचीपर्यंत जातात, बीजाणूंच्या पिवळसर पिशव्या पानांच्या बगलेत दडलेल्या असतात, आणि शेंड्याजवळ गळून पडून नवं रोप देणाऱ्या बारीक कळ्या असतात. पानांना केस नाहीत. डोंगरमाथ्यांवरची खुरटी झुडपं, खडकांच्या ओलसर कपारी, आम्लधर्मी माती, टुंड्रा ही तिची जागा. ग्रीनलंड, आइसलंड, स्कॅन्डिनेव्हिया, अलास्का सगळीकडे ती सापडते. क्लॅव्हेटम जास्त करून मोकळ्या सूचिपर्णी जंगलात आणि माळावर. पण शंकू आलेले नसले, की नवख्या माणसाला केवळ जागेवरून दोघांतला फरक कळेल, या भरवशावर राहू नये. त्यात स्पाइन्युलम अ‍ॅनोटिनम नावाची तिसरी जात आहे: सरपटणारी, पण शंकू एकेकटा आणि बिनदेठाचा. तिघींचे कोवळे शेंडे पाइनच्या रोपासारखेच दिसतात!

या गोंधळाचं पुढे काय होतं, ते २००० साली विषशास्त्राच्या एका नियतकालिकात जर्मन डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. दोघांनी क्लॅव्हेटम समजून सेलागोचा काढा घेतला. घाम, उलट्या, जुलाब, चक्कर, पेटके, बोलताना जीभ जड. कारण सेलागोतलं हुपरझिन-ए. हे रसायन अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं आणि नसांमधला निरोप थांबायचा तेव्हा थांबत नाही. कितीतरी कीटकनाशकं याच विकरावर घाला घालतात. फरक एवढाच की त्यांतल्या अनेकांच्या उलट हुपरझिनचा परिणाम पुढे ओसरतो. स्कॅन्डिनेव्हियातले शेतकरी पूर्वी याच वनस्पतीच्या काढ्याने गुरांच्या उवा मारत. आणि आपण तो कपात ओतायचा?

आता नाइलाजाने कबूल करायची गोष्ट. हे रसायन आणि स्मरणशक्ती यांचा संबंध हवेतला नाही. चिनी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हुपरझिया सेराटा या पूर्व आशियातल्या जातीतून ते वेगळं काढलं, आणि अल्झायमरसाठी डॉक्टर देतात ते डोनेपेझिलही हेच विकर अडवतं. पण औषध म्हणून हुपरझिन मोजतात ते मायक्रोग्रॅममध्ये. अमेरिकेत २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा देऊन अल्झायमरच्या रुग्णांवर चाचणी झाली. २०११ मध्ये निष्कर्ष आला, आणि त्या मात्रेने आकलनशक्तीत फरक पडला नाही. मूठभर पाला उकळल्यावर कपात किती उतरलं, हे स्वयंपाकघरात कोण मोजणार? त्यातून ज्याला आधीच डोनेपेझिल चालू आहे, त्याच्या पोटात दुसऱ्या वाटेने तेच काम करणारं रसायन गेलं, तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी ही गोळी असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, आणि मेसेजचं गिऱ्हाईकही नेमकं तेच घर.

डायनासोरचा मुद्दा अर्धा खरा. हा वंश चाळीस कोटी वर्षांहून जुना आहे, आणि दगडी कोळसा बनला त्या काळात त्याच्यातले लेपिडोडेंड्रॉनसारखे वृक्ष तीस मीटरच्या वर जात. पण ते निराळ्या शाखेतले, आजच्या वीतभर रोपांचे चुलते म्हणा. ‘जसंच्या तसं’ काही राहिलेलं नाही.

पावडर पेट घेते, हेही खरं. ती क्लॅव्हेटमच्या बीजाणूंची. बीजाणूंत तेल भरपूर आणि कण अतिशय बारीक, त्यामुळे हवेत उधळून ठिणगी दिली की भपका होतो. नाटकवाल्यांनी रंगमंचावर ज्वाळा दाखवायला ती वापरली. १९३८ साली चेस्टर कार्लसनने झेरॉक्सच्या तंत्राची पहिली प्रत उठवली तीसुद्धा याच पावडरीने. यात स्मरणशक्ती कुठे आली, ते मेसेजमध्ये दिलेलं नाही.