दादा, ते वाक्य स्मट्सचं आहे

रविवारी इथे दोन वाजले की पुण्यात साडेपाच होतात. दादाचा चहा झालेला असतो, माझी भांडी आवरलेली असतात, मग फोन. दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जोहान्सबर्गला येऊन मला वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत आमचे फारतर दहा-बारा रविवार चुकले असतील. गेल्या रविवारी मात्र मी रागाने फोन ठेवला आणि आज आठवडा होत आला तरी तो राग उतरलेला नाही.

विषय निघाला अमेरिकेतल्या जातीच्या कायद्यांचा. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा त्याच वर्षी मंजूर केला, तो तिथल्या गव्हर्नरने अडवला. दादाच्या मित्रांपैकी निम्म्यांची मुलं तिकडे, त्यामुळे त्यांच्यात हा विषय अजून शिळा झालेला नाही. दादा म्हणाला, "जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. आमचं आम्ही बघून घेऊ. बाहेरच्यांनी नाक खुपसायचं काही कारण नाही." मी ऐकून घेतलं. पण पाचच मिनिटांनी, मुलाच्या शाळेत मंडेला दिनाला काय करणार आहेत ते मी सांगत होते तेव्हा, तोच दादा म्हणाला, "वर्णभेदाविरुद्ध जगात पहिला आवाज कुणी उठवला? आपण. सांग तिथल्या लोकांना."

दादा, आपण आवाज उठवला तेव्हा समोरून काय उत्तर आलं होतं ते तरी बघ.

साल १९४६. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या हिंदी, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांनी कुठे जमीन घ्यावी आणि कुठे राहावं यावर बंधनं घालणारा कायदा केला. इथले हिंदी लोक त्याला 'घेट्टो कायदा' म्हणत. त्याच जूनमध्ये भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला आणि जुलैत व्यापार तोडला. आपल्या निर्यातीपैकी सुमारे पाच टक्के माल तेव्हा इथे येत होता. दारिद्र्याने पिचलेल्या देशाने पाच टक्के निर्यातीवर पाणी सोडलं! आमसभेत आपल्या बाजूने विजयालक्ष्मी पंडित आणि समोर दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या सनदेत मानवी हक्कांचं नाव आहे तिची प्रस्तावना लिहिण्यात याच स्मट्सचा हात होता. त्याने त्याच सनदेतलं दुसरं कलम, सातवं पोटकलम पुढे केलं: देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रसंघाने हात घालू नये. आमचा अंतर्गत प्रश्न आहे, आमचं आम्ही बघू. दादा, गेल्या रविवारी तू बोललास ते वाक्य त्याचं आहे.

८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. आपल्याला ज्याचा अभिमान वाटतो तो विजय नेमका या एका गोष्टीवरचा आहे: माणसाला त्याच्या जन्मावरून खाली दाबणं हा कुठल्याही देशाचा खासगी मामला नाही. हा मुद्दा सोडला तर अभिमान बाळगायला त्या दिवसात उरतं काय?

माझ्या बाबांचा पासपोर्ट अजून माझ्याकडे आहे. सत्तरच्या दशकात ते मस्कतला नोकरीला गेले तेव्हाचा. त्यावर दक्षिण आफ्रिका वगळून असा शेरा आहे. लहानपणी मला तो देश म्हणजे नकाशावर असूनही नसलेली जागा वाटायची. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत आपण पोचलो, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि आपण खेळलोच नाही. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. तो चषक आपल्याकडे आजवर आलेला नाही. आमच्या घरी त्याबद्दल हळहळ होती, पण चुकलं असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. दादा, तूसुद्धा नाही. तेव्हा आपण दुसऱ्याच्या घरात खुशाल नाक खुपसत होतो आणि ते आपल्याला शोभत होतं.

दादाचा दुसरा मुद्दा, असल्या दबावाने काही होत नसतं. मंडेला सुटले ते रशियाची सद्दी संपली म्हणून. हे मी इथे गोऱ्या लोकांकडूनही ऐकलेलं आहे, आणि त्यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. बर्लिनची भिंत पडली नसती तर राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कना मंडेलांच्या सुटकेची घोषणा करणारं २ फेब्रुवारी १९९० चं ते भाषण करणं जड गेलं असतं. पण मी हिशेबाच्या धंद्यातली बाई आहे, मला तारखा लावून बघायची सवय आहे. १५ ऑगस्ट १९८५ ला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथाने डर्बनमध्ये भाषण केलं. जग सुधारणांची घोषणा ऐकायला बसलं होतं, त्याने बोट रोखून धमकावलं. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने कर्जाला मुदतवाढ देणं त्याआधीच थांबवलं होतं, बाकीच्या बँका मागोमाग आल्या. इथलं चलन, रँड, कोसळलं, ऑगस्ट संपता संपता शेअर बाजार आणि परकीय चलनाचा बाजार काही दिवस बंदच ठेवावा लागला, आणि सप्टेंबरात सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने रेगनचा नकाराधिकार मोडून निर्बंधांचा कायदा केला. तेव्हा भिंत उभीच होती. माझ्या ऑफिसातले एक निवृत्तीला आलेले आफ्रिकानर, म्हणजे डच वंशाचे गोरे गृहस्थ तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. ते म्हणतात, त्या आठवड्यात त्यांच्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा विचारलं, की हे असं किती दिवस चालणार?

अर्थात बँकांनी हात आखडला तो काही साधुत्वाने नाही. इथली गावं पेटली होती म्हणून. १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली, सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर आली, १९८३ नंतर संयुक्त लोकशाही आघाडीने देश ढवळून काढला. बाहेरचा दबाव आतल्या माणसांच्या पाठीवर उभा होता, आणि सगळी गोम इथेच आहे. दादाला मला हेच सांगायचं होतं, पण फोनवर रागाने शब्द फुटेनात.

१९५९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी आपल्याच देशाच्या मालावर बहिष्कार घाला असं जगाला आवाहन केलं. नाताळ प्रांतातल्या एका गावाचे हे जुने मुखिया, शांत, धार्मिक गृहस्थ, पुढच्या वर्षीचं नोबेल त्यांना मिळालं. लोक म्हणायचे, बहिष्काराने आधी मरणार तुमचेच काळे कामगार. लुथुली आणि त्यांच्या साथीदारांचं उत्तर असं होतं की हो, आमचे हाल होतील याबद्दल शंका नाही, पण त्याने रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत आम्ही द्यायला तयार आहोत. बाहेरच्याने बोलावं की नाही हे त्यांनी ठरवलं. प्रिटोरियाच्या टेकडीवरच्या सरकारला ते ठरवायचा हक्कच नव्हता.

आणि आता आपल्या घराकडे ये. १९४६ च्याच जुलैत, भारत सरकार स्मट्सशी भांडायच्या तयारीत असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण भारतातले अस्पृश्यही तसं करायच्या विचारात होते. ड्यू बॉइसनी त्याच महिन्याअखेर उत्तर पाठवलं. दादा, हे पत्र एका मराठी माणसाने लिहिलंय आणि तुझ्या-माझ्या शाळेत ते कुणी शिकवलं नाही. आवाज एकच, महिना एकच. एक आपण छातीवर मिरवतो आणि दुसऱ्याला घरातली धुणी बाहेर नेणं म्हणतो.

पुढे २००१ साली, इथे, डर्बनलाच, राष्ट्रसंघाची वंशभेदाविरुद्ध परिषद भरली. दलित कार्यकर्ते भारतातून आले, जातीचा प्रश्न मांडू द्या म्हणाले. आपल्या सरकारची भूमिका: जात म्हणजे वंश नव्हे, हे व्यासपीठ त्यासाठी नाही. जात म्हणजे वंश नव्हे हे मलाही मान्य आहे. पण १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात जन्मकुळावरून होणारा भेद हा शब्द आहे, आणि तो घालण्याची दुरुस्ती भारताची होती! १९५० हे वर्ष बघ. आपल्याकडे घटना अमलात आली, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. इथे त्याच वर्षी ग्रुप एरियाज कायदा आला, कुणी कुठल्या गल्लीत राहायचं ते कातडीवरून ठरलं. त्या कायद्याने जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यूमधल्या चौदाव्या रस्त्यावरचे हिंदी दुकानदार उठवले आणि फोर्ड्सबर्गच्या ओरिएंटल प्लाझात नेऊन बसवले. मी तिथून रवा आणि कढीपत्ता आणते. एका दुकानात गल्ल्यामागे जुन्या दुकानाचा फोटो लावलेला आहे, दारावरच्या नावाच्या पाटीसकट. मालक फोटोविषयी बोलत नाहीत. फक्त गल्ल्यावर बसताना पाठ त्याच्याकडे होऊ देत नाहीत.

कायदा आपला श्रेष्ठ होता, यात वादच नाही. म्हणून तर वाईट वाटतं. पंतप्रधान असताना डॉ. मनमोहन सिंगांनी २००६ साली अस्पृश्यतेला वर्णद्वेषाचीच तुलना सापडते असं भर सभेत सांगितलं. इथल्या माझ्या मुलाला शाळेत वर्णभेद हा आपला गुन्हा म्हणून शिकवतात, जुन्या तुरुंगाच्या विटांनी बांधलेल्या घटना न्यायालयात सहलीला नेतात. माझ्या शाळेत जात हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला अर्धा परिच्छेद होता, कुणीतरी कधीतरी पाळलेला.

हे सगळं मी बोलले तेव्हा दादाने शेवटचा पत्ता टाकला. "तुमच्याकडे आधी वीज आणा. आणि तू बाहेर राहून बोलतेस, तुला इथलं काय कळणार?"

यावर मी फोन ठेवला. लागलं ते एवढ्यासाठी की ते अगदीच खोटं नाही. २०२५ साली अमेरिकेने इथल्या आफ्रिकानरांना निर्वासित म्हणून नेलं, मे महिन्यात पहिले ५९ जण विमानात बसले, त्याआधी मार्चमध्ये इथले तिकडचे राजदूत इब्राहिम रसूल यांना परत पाठवलं. हे रसूल केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये जन्मले, त्यांच्या घराला त्याच कायद्याने तिथून उठवलं होतं. ती बातमी बघताना मी मोठ्याने म्हणाले, आमच्या घरात नाक खुपसणारे हे कोण? आमच्या. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. मुलाने माझ्याकडे वळून बघितलं. त्या दबावामागे इथल्या कुठल्या दबलेल्या माणसाची हाक होती हे मला आजही दिसत नाही, म्हणून तो वेगळा असं मी मानते. पण तोंडातून आलं ते दादाचंच वाक्य.

आणि एक गोष्ट दादाला अजून सांगितलेली नाही. गुहागरला आजीच्या पडवीत वाशाला खोचून ठेवलेली एक कपबशी असायची, कानतुटकी. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याची. त्याने ती स्वतः काढायची, आजी वरून चहा ओतायची, त्याने विसळून परत खोचायची. दादाला आणि मला ती माहीत आहे, आम्ही दोघं सुट्टीत तिथेच वाढलो. तिच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मी इथे आले तेव्हा इस्टेटमध्ये, म्हणजे कुंपणाच्या वसाहतीत, घर मिळालं, आणि आठवड्यातून तीन दिवस सोवेटोहून दोन टॅक्सी बदलून एक बाई कामाला यायला लागल्या. माझ्या आईच्या वयाच्या, मी त्यांना मामा म्हणते, इथे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून त्यांच्यासाठी एक इनॅमलचा कप आणला. पांढरा, निळ्या काठाचा. सिंकखालच्या कप्प्यात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला. दोन-तीन महिने त्या त्यातच चहा प्यायच्या. एक दिवस विसळता विसळता म्हणाल्या, माझी आई हॉटनला, गोऱ्यांच्या श्रीमंत वस्तीत कामाला होती, तिच्या मॅडमकडेही असाच होता, काठ निळाच.

त्या सहज बोलल्या. मी ओट्याशी उभी होते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कपांतला एक काढला, चहा ओतला, दोघींचा टेबलावर ठेवला. मामा बसल्या, चहा प्यायल्या, माझ्या खोकल्याची चौकशी केली. जाताना सिंकखालचा कप काढून कोरडा पुसला, आपल्या पिशवीत घातला आणि घेऊन गेल्या. तो त्यांनी कशासाठी नेला ते विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

उद्या रविवार आहे. दोन वाजता फोन मीच करीन, आणि आधी पडवीतल्या कपबशीचं विचारीन.