नोकरी गेली म्हणून आश्रयाचा अर्ज? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना उद्देशून लिहिलेला एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मराठी घरांत पोहोचतो आहे. त्याचा सारांश असा : नोकरी गेल्यावर अमेरिकेत थांबायला मिळणाऱ्या ६० दिवसांत असायलमचा, म्हणजे आश्रयाचा, अर्ज टाकावा, त्याला पैसे पडत नाहीत, सहा महिन्यांत वर्क परमिट हातात येते, एक वर्षाच्या मुदतीची अट एच-१बीवाल्यांना लागू नाही, छळाची हकिगत वकील तयार करून देतो, भारत सरकारला काही कळत नाही, अर्ज नामंजूर झाला तरी नुकसान नाही आणि मंजूर झाला तर ग्रीन कार्डाची रांगच चुकते. खाली एका सल्लागाराचा फोन नंबर आहे.

हा संदेश मला माझ्या थोरल्या बहिणीने पाठवला, आणि तोही खरा की खोटा हे विचारायला नव्हे, तर ‘तू कायद्याचे वाचत असतोस, तूच माझ्या लेकीला पटवून सांग’ म्हणून. तिची मुलगी न्यू जर्सीत नोकरीला होती. कंपनीने माणसे कमी केली, त्यांत तिचे नाव आले आणि तिचे ६० दिवस सुरू झाले. मुलगी परदेशात अशी अडकलेली असताना आईने मिळेल त्या आधाराकडे धाव घ्यावी, यात ताईचा काही दोष नाही. पण ज्याने हे लिहून खाली आपला नंबर दिला, त्याने आईवडिलांच्या काळजीचा धंदा मांडला आहे. त्याचे सगळे दावे सारख्याच वजनाचे नाहीत, म्हणून सर्वांत घातक दावा आधी घेतो.

‘छळाची हकिगत वकील तयार करून देतो’ हा तो दावा. आश्रयाचा अर्ज ज्या फॉर्मवर करतात त्याचे नाव आय-५८९. हा फॉर्म यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येतो, आणि संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी सहीच्या जागेपर्यंत वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथे इशारा छापलेला आहे. जाणूनबुजून बनावट अर्ज केल्याचे ठरले, तर अर्जदार अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याखालील कोणत्याही लाभाला कायमचा अपात्र होईल, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या पुढचेच वाक्य असे की, खोटी माहिती द्यायला दुसऱ्या कोणी सांगितले होते एवढ्यावर अर्जदाराची सुटका होणार नाही. अर्ज नंतर मागे घेतला तरी त्यातली माहिती देशाबाहेर काढण्याच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरता येईल, हेही त्याच परिच्छेदात आहे.

‘कायमचा’ या शब्दापाशी थांबायला हवे. बेकायदा मुक्कामाबद्दल अमेरिकेत तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी होते, ती भोगून संपते. ही अपात्रता संपत नाही. पुढे दुसऱ्या कंपनीने एच-१बीसाठी बोलावले तरी नाही, ग्रीन कार्डाची पाळी आली तरी नाही, अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले तरी त्या नात्याने ग्रीन कार्ड नाही. अर्ज नुसता कमकुवत असेल, हकिगत खरी पण पुरावा अपुरा असेल, तर ही शिक्षा होत नाही. ती रचलेल्या हकिगतीसाठी आहे, आणि हा सल्लागार नेमकी रचलेलीच हकिगत विकतो आहे.

अशा हकिगती लिहून देण्याचा उद्योग नवा नाही, आणि तो पकडला जातो. न्यू यॉर्कच्या चायनाटाउन परिसरातील वकिली कार्यालयांतून हेच चालत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा डिसेंबर २०१२ मध्ये वकिलांसह २६ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यानंतर काही वर्षांनी त्या कार्यालयांमार्फत आश्रय मिळालेल्या हजारो लोकांच्या जुन्या फाइली सरकारने पुन्हा तपासायला घेतल्या. म्हणजे अर्ज मंजूर झाला, संसार थाटला, मुले शाळेत जाऊ लागली, तरी हकिगत खोटी असेल तर आश्रय काढून घेतला जाऊ शकतो. आय-५८९ वर अर्ज तयार करून देणाऱ्याच्या सहीसाठीही वेगळी जागा आहे. ज्यांना त्या नंबरवर फोन करण्याचा मोह होतो आहे, त्यांनी सल्लागाराला एवढेच विचारावे की तो तिथे आपल्या नावाने सही करील का.

याच फॉर्ममध्ये एक साधा दिसणारा प्रश्न आहे : ज्या देशात छळ झाला किंवा होण्याची भीती आहे, त्या देशात तुम्ही तो सोडल्यानंतर पुन्हा गेला होता का? गेला असाल तर फेरीची तारीख, कारण आणि मुक्काम लिहा. माझ्या भाचीच्या पासपोर्टावर भावाच्या लग्नाच्या फेरीचे शिक्के आहेत, आणि त्याच फेरीत ती मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटात जाऊन व्हिसाचा नवा शिक्का घेऊन परतली. त्या व्हिसासाठी तिने भरलेली माहिती अमेरिकन सरकारकडेच आहे. लग्नासाठी सुटी काढून आनंदाने घरी गेलेल्या मुलीने ‘भारतात माझ्या जिवाला धोका आहे’ असे शपथेवर सांगायचे, आणि समोरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तिची फाइल उघडी असणार. ती खोटे बोलणारी मुलगी नाही. तिला खोटे बोलायला लावणारा हा सल्ला आहे, आणि माझा खरा संताप त्याबद्दल आहे.

आता ‘नामंजूर झाला तरी नुकसान नाही’. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असणे म्हणजे व्हिसा असणे नव्हे. मुलाखतीनंतर अधिकाऱ्याला हकिगत पटली नाही आणि त्या वेळी अर्जदाराकडे दुसरा कायदेशीर दर्जा उरलेला नसला, तर प्रकरण फेटाळून थांबत नाही. अर्जदाराच्या हातात इमिग्रेशन न्यायालयात हजर राहण्याची नोटीस पडते. ६० दिवस उलटून गेलेल्या एच-१बीधारकाच्या बाबतीत हेच होणार. ज्याला मुकाट्याने विमानात बसून परत येता आले असते आणि नवी नोकरी मिळाल्यावर पुन्हा रीतसर जाता आले असते, तो माणूस आता हद्दपारीच्या खटल्यातला प्रतिवादी होतो. तारखेला गैरहजर राहिला तर त्याच्या अनुपस्थितीत आदेश निघतो.

त्यात घरी येण्याची वाट बंद होते, याचा संदेशात उल्लेखही नाही. अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगीवाचून देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. परवानगी घेऊन जिथे छळाची भीती सांगितली त्याच देशात गेले तरी, तसे भाग पाडणारे कारण दाखवता आले नाही तर, तेच गृहीत धरतात. उद्या ताईलाच बरे वाटेनासे झाले तर भाचीने काय करायचे? नुकसान नाही असे लिहिणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलेला नाही.

‘भारतात काय चालले आहे ते बातम्यांत रोज दिसते, त्यामुळे भारतीयांना सहज मिळते’ असाही एक सूर त्यात आहे. आश्रय देशाच्या नावावर मिळत नाही, तो एकेका माणसाला मिळतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व या पाचांपैकी एखाद्या कारणाने तुमचा छळ झाला किंवा होण्याची रास्त भीती आहे, आणि तो छळ सरकारकडून किंवा सरकारला आवरता न येणाऱ्यांकडून होतो, हे त्या माणसाला स्वतःच्या बाबतीत दाखवावे लागते. नोकरी जाणे, घराचे कर्ज, गावातला जमिनीचा वाद, यांतले काहीही यात बसत नाही. भारतीयांना आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमच्या गावी धोका असेल, पण एवढ्या मोठ्या देशात दुसऱ्या शहरात जाऊन तुम्हाला सुरक्षित राहता आले नसते का? ज्यांच्यावर खरोखर संकट आलेले असते, त्यांनासुद्धा याचे उत्तर देताना घाम फुटतो. एकाच साच्यातल्या खोट्या हकिगती वाचून अधिकाऱ्यांचा संशय वाढतो, त्याचा फटकाही याच लोकांना बसतो.

वर्क परमिटाबद्दल अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. अर्ज दाखल होऊन १५० दिवस झाल्यावर त्याची मागणी करता येते आणि १८० दिवस पुरे होण्याआधी ते मिळत नाही. अर्जदारामुळे विलंब झाला तर हे दिवस मोजणे थांबते. यूएससीआयएसकडे आश्रयाचे दहा लाखांहून अधिक अर्ज पडून आहेत, म्हणून ‘निकाल लागेपर्यंत वर्षे निघतील’ असे गणित मांडले जाते. पण थकलेल्या अर्जांचा फायदा घेऊन केवळ वर्क परमिट मिळवणाऱ्यांना रोखण्यासाठीच या खात्याने जानेवारी २०१८ पासून नवे अर्ज आधी मुलाखतीला घेण्याचे धोरण परत आणले आणि तसे जाहीरही केले. कोणाला चार वर्षांनी बोलावतील, कोणाला दोन महिन्यांत. त्या भरवशावर आयुष्य टांगता येत नाही.

एक वर्षाच्या मुदतीचा मुद्दा संदेशात जवळजवळ बरोबर आहे, हे नाइलाजाने सांगावे लागते. अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात अर्ज करावा असा नियम आहे. मात्र अर्ज करण्याच्या थोडे आधीपर्यंत कायदेशीर दर्जा टिकवून असलेल्यांना त्यातून सूट मिळू शकते, आणि एच-१बीधारक त्यात बसू शकतो. पण त्याने फक्त दार उघडे राहते, हकिगत खरी ठरत नाही. गोपनीयतेचेही तसेच : अमेरिकन सरकार अर्जाची माहिती मायदेशाला कळवत नाही, हे खरे आहे. ‘पैसे पडत नाहीत’ हे मात्र आता साफ चूक आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने अर्जाला १०० डॉलर आणि तो प्रलंबित राहील त्या प्रत्येक वर्षाला १०० डॉलर शुल्क लावले, पहिल्या वर्क परमिटाचे वेगळे. सल्लागाराची फी संदेशात लिहिलेलीच नाही.

राहिली ग्रीन कार्डाची रांग. भारतीयांवर तिथे अन्याय होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे, आणि त्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, मग तो देश आइसलँड असो की भारत. या नियमामुळे भारतात जन्मलेली माणसे वर्षानुवर्षे ताटकळतात. आश्रय मिळालेल्यांना ही देशनिहाय मर्यादा नाही आणि एका वर्षानंतर ते ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतात, हेही खरे. पण त्या रांगेत माझ्या भाचीची जागा आधीच आहे. कंपनीने तिच्यासाठी केलेला आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, मंजूर आहे. मंजुरीला १८० दिवस उलटलेले असल्यामुळे कंपनीने तो मागे घेतला तरी त्याच्या आधारे सहा वर्षांच्या नेहमीच्या मर्यादेपुढे एच-१बी वाढवता येतो, आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, तर नव्या कंपनीच्या अर्जालाही लागते. इतकी वर्षे थांबून मिळवलेली ही तारीख बनावट अर्जाच्या एका सहीने कायमची निरुपयोगी होऊ शकते.

६० दिवसांत करण्यासारखे मार्ग यूएससीआयएसने स्वतःच सांगितलेले आहेत. नव्या कंपनीने मुदतीत एच-१बीचा अर्ज दाखल केला, तर तो पोहोचताच तिथे काम सुरू करता येते, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जोडीदार एच-१बीवर असेल तर एच-४ हा त्याच्या कुटुंबीयांचा दर्जा मागता येतो. काहीच जमले नाही तर बी-२ या पाहुण्याच्या दर्जासाठी मुदतीतच अर्ज करावा. त्यावर नोकरी करता येत नाही, पण निर्णय होईपर्यंत थांबता येते. खरोखरच छळाची भीती असेल, तर परवानाधारक वकिलाकडे जाऊन खरी हकिगत सांगावी. तो हक्क कोणीही सोडू नये.

आणि दिवस नीट मोजावेत. मोजणी साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. नोकरी सोडताना हातात दिलेल्या एकरकमी भरपाईने हे दिवस वाढत नाहीत, आणि आय-९४ या मुक्कामाच्या नोंदीवरची शेवटची तारीख ६० दिवसांच्या आत येत असेल तर मुदत त्या तारखेलाच संपते.